'शारदा'वरचा निबंध आणि सहा दिवस बदलत राहिलेलं एक वाक्य

माझी भाची सांगलीत टी.वाय.बी.ए.ला आहे, मराठी स्पेशल. गेल्या सेमिस्टरला त्यांना इंटर्नलसाठी एका नाटकावर १५०० शब्दांचा निबंध लिहायचा होता, २० मार्कांचा, आणि तिने घेतलं 'संगीत शारदा'. का घेतलं तर नाटककार गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, आणि हरिपूर म्हणजे सांगलीकरांचं घरचंच गाव, कृष्णा-वारणेच्या संगमावर लहानपणापासून फिरायला गेलेलं. तर तिने आठ पानं लिहिली, बाईंना दाखवली आणि बाईंनी ती परत दिली. शेवटच्या पानावर लाल पेनाने दोनच शब्द, 'मुद्दा काय?' तिने त्याचा फोटो मला व्हॉट्सॲपवर टाकला आणि खाली लिहिलं, "मावशी, आठ पानं लिहिलीत की गं, आणि ह्या विचारतात मुद्दा काय."

मी बरीच वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं. हा शेरा मी स्वतः कितीतरी वह्यांवर लिहिलाय, पण तो वाचून पोरगं घरी जाऊन नेमकं काय करतं हे मला कधी जवळून बघायला मिळालं नव्हतं. इथे सहा दिवस फोनवर ते बघितलं, म्हणून सगळं लिहून ठेवतेय, तिला विचारूनच.

आधी नाटक थोडक्यात, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. 'संगीत शारदा' १८९९ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. भुजंगनाथ हा श्रीमंत म्हातारा, त्याला परत लग्न करायचंय. कांचनभट हा लोभी बाप, पैशासाठी आपली मुलगी शारदा त्याला द्यायला तयार. मध्ये जुळवाजुळव करणारा भद्रेश्वर दीक्षित. आणि हे लग्न मोडायला उभा राहिलेला तरुण कोदंड. ऐन लग्नात कोदंड उघड करतो की वधू-वर सगोत्र आहेत, लग्न मोडतं. पण अशी अर्ध्यावर लग्न मोडलेली मुलगी कुठे जाणार, शारदा जीव द्यायला निघते, कोदंड तिला वाचवतो, आणि शेवटी शंकराचार्यांच्या संमतीने दोघांचं लग्न होतं.

आता तिच्या आठ पानांतलं मेन वाक्य. मी म्हटलं मला पूर्ण निबंध पाठवू नकोस, ज्या एका वाक्यासाठी बाकी सगळं लिहिलंयस ते वाक्य पाठव. तिला पंधरा मिनिटं लागली शोधायला (इथेच बाईंचा शेरा बरोबर होता हे कळलं). आलं ते असं:

'संगीत शारदा या नाटकातून देवलांनी बाला-जरठ विवाहाच्या ज्वलंत समस्येवर प्रकाश टाकला आहे.'

मी म्हटलं, हे वाचून "छे, मला नाही पटत" म्हणणारा एक माणूस मला दाखव. ती म्हणाली, असं कोण म्हणेल? बरोबर, कुणीच नाही म्हणणार. ज्याने नाटकाची जाहिरात वाचलीय तोसुद्धा हे मान्य करेल, मग ते सिद्ध करायला आठ पानं कशाला. आणि दुसरं, या वाक्यातून 'शारदा' काढून हरिभाऊ आपट्यांचं 'पण लक्षात कोण घेतो' घातलं आणि समस्येचं नाव बदललं तरी वाक्य जसंच्या तसं उभं राहतं. म्हणजे हे वाक्य या नाटकाबद्दल नाहीच, विषयाबद्दल आहे. विषय सांगणं आणि विधान करणं यात जो फरक आहे तो मुलांना पटकन दिसत नाही, कारण शाळेपासून 'या पाठात लेखकाने अमुक विषय मांडला आहे' असंच उत्तर लिहून मार्क मिळालेले असतात. त्यांचा दोष नाही तो.

दुसऱ्या दिवशी तिने धाडस केलं. 'संगीत शारदा या नाटकामुळेच १९२९ चा शारदा कायदा अस्तित्वात आला.' आता यावर नाही म्हणणारा माणूस आहे, मीच. या कायद्याचं खरं नाव बालविवाह प्रतिबंधक कायदा, आणि त्याला शारदा म्हणतात ते विधेयक आणणाऱ्या अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्यामुळे. त्यात तेव्हा लग्नासाठी मुलीचं वय किमान १४ ठरलं, मुलाचं १८, आणि अंमल १९३० च्या एप्रिलपासून. नाटकातल्या शारदेचं आणि या कायद्याचं नाव जुळलं हा योगायोग, पण आपल्याकडे ही गोष्ट इतक्या लोकांच्या तोंडी आहे की तिने ती न तपासता घेतली. तिला वाईट वाटलं. मी म्हटलं वाईट वाटून घेऊ नकोस, पण यातलं दुसरं बघ, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. समजा हे खरं असतं, तरी ते सिद्ध करायला तू काय दाखवणार होतीस? कायदेमंडळातली भाषणं, त्या वेळची वर्तमानपत्रं. नाटकातलं एक पानही लागलं नसतं. साहित्यावरच्या निबंधाचं विधान असं पाहिजे की त्याचा पुरावा त्या पुस्तकात सापडेल, बोट ठेवून दाखवता येईल. पुस्तकाने जगात काय घडवलं हा चांगला प्रश्न आहे, पण तो इतिहासाचा पेपर.

तिसरं वाक्य आलं ते गाइडच्या भाषेत, 'पात्रचित्रण, पदे व संवाद यांच्या साहाय्याने देवल ही समस्या प्रभावीपणे मांडतात.' मला यामागचं कारण कळत होतं, तीन गोष्टी नावं घेऊन सांगितल्या की तीन परिच्छेद तयार होतात आणि पोटात गोळा येत नाही. पण ही अनुक्रमणिका झाली. आणि 'प्रभावीपणे' हा शब्द मी पहिल्यांदा खोडायला लावला, तो कुठल्याही नाटकाला लावता येतो आणि त्याने लिहिणाऱ्याला वाटतं आपण काहीतरी म्हटलंय. मी विचारलं, पदं असं काय करतात जे संवाद करत नाहीत? एकच पद घे आणि सांग.

तिने 'म्हातारा इतुका न' घेतलं. हे पद आपल्या सगळ्यांना पाठ आहे, मैत्रिणी शारदेची थट्टा करतात, नवरा काही इतका म्हातारा नाही, 'अवघे पाऊणशे वयमान', 'लग्ना अजुनि लहान', आणि मग दात गेले, कान गेले, डोळे गेले असं एकेक अवयव मोजत जातात. ती थोडा वेळ गप्प होती फोनवर. मग म्हणाली, "मावशी, आपण हसतो ना यावर, पण ज्या मुलीला हे लागू आहे ती तिथेच उभी राहून ऐकतेय." मी म्हटलं हे लिहून ठेव, जसं बोललीस तसंच, शुद्धलेखन नंतर बघू. सगळ्या सहा दिवसांत हे पहिलं वाक्य होतं जे तिचं स्वतःचं होतं. अजून विधान नव्हतं, निरीक्षण होतं, पण असल्या निरीक्षणाशिवाय विधान येत नाही, हवेतून तर नाहीच येत.

मग मी तिला एक काम दिलं जे मी वर्गातही द्यायचे. निबंध बाजूला ठेव, नाटकाची प्रत घे, पेन्सिलने तीन प्रकारच्या खुणा कर. लग्नाबद्दल शारदा जिथे बोलते तिथे रेघ, तिच्या लग्नाबद्दल दुसरे जिथे बोलतात तिथे फुली. आणि जिथे तुला काहीतरी खटकलं, पटलं नाही, 'हे असं का' वाटलं, तिथे प्रश्नचिन्ह. कारण लिहायचं नाही, फक्त चिन्ह. पुढचा सगळा दिवस तिचा फोन आला नाही, आईशी बोलताना कळलं की जेवतानाही पुस्तक घेऊन बसतेय.

चौथ्या दिवशी रात्री फोन आला तो थेट प्रश्नानेच. "मावशी, लग्न मोडलं ते गोत्रामुळे ना? मग गोत्र वेगळं असतं तर?"

मी खुर्चीत सरळ बसले. इतकी वर्षं हे नाटक शिकवलं, लोकांनी यावर कितीतरी लिहिलंय, पण विशीतल्या मुलीच्या तोंडून हा प्रश्न असा ताजा आला की मला परत नाटक उघडावंसं वाटलं. खरंच, गोत्र वेगळं असतं तर? म्हातारा तितकाच म्हातारा, मुलगी तितकीच लहान, बापाने पैसे घेतलेलेच, 'मूर्तिमंत भीती उभी' असं शारदेचं पद तितकंच खरं, आणि तरी त्या मांडवात लग्न थांबवायला सगळ्यांना बांधणारं कारण हाताशी उरलं नसतं. वय हे कारण पुरत नाही. मुलीची भीती हे कारण पुरत नाही. पैसा घेऊन मुलगी देणं हेही पुरत नाही. पुरतं ते गोत्र.

इथे तिचं डोकं तापलं आणि पाचव्या दिवशी सकाळी कॉलेजला जाता जाता तिने चौथं वाक्य पाठवलं: 'शारदा हे सुधारणावादी नाटक नसून प्रत्यक्षात रूढींचं समर्थन करणारं नाटक आहे.'

ही पायरी बहुतेक सगळी हुशार मुलं चढतात. आधी सगळ्यांसारखं बोलायचं, मग एकदम सगळ्यांच्या उलट. उलट बोललं की विधान धारदार वाटतं. पण मी तिला तिच्याच रेघा आठवून दिल्या. नाटकाने शारदेच्या भीतीला इतकी पदं दिली, कांचनभटाच्या लोभाची आणि भद्रेश्वराच्या कारस्थानाची इतकी फजिती केली, प्रेक्षक एका क्षणासाठीही भुजंगनाथाच्या बाजूला जात नाही, हे सगळं कुठे ठेवणार? ज्या विधानासाठी निम्मं नाटक झाकून ठेवावं लागतं ते विधान टिकत नाही, बाईंनी एक पद म्हणून दाखवलं की संपलं. चांगल्या विधानात विरुद्ध बाजूचा पुरावाही मावला पाहिजे. तिला म्हटलं, "तुझ्याकडे दोन खऱ्या गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींशी भांडतायत. एकीला हाकलू नकोस, भांडण कशावरून आहे ते लिही."

"म्हणजे 'पण' वापरायचा?"

हो, 'पण' वापरायचा. किंवा 'मात्र', 'तरीही', जे जमेल ते. साहित्यावरच्या कितीतरी चांगल्या विधानांच्या पोटात एक 'पण' असतो. त्या 'पण'च्या डावीकडे कुणालाही दिसेल ते, आणि उजवीकडे नीट वाचल्याशिवाय न दिसणारं.

त्या रात्री तासभर फोन चालला आणि पाचवं वाक्य तिने बोलता बोलता केलं, मी फक्त प्रश्न विचारत होते: 'संगीत शारदा हे नाटक प्रेक्षकाला शारदेच्या भीतीच्या बाजूने उभं करतं, पण तिची सुटका मात्र त्या भीतीमुळे होत नाही, ती गोत्राच्या नियमाने आणि शंकराचार्यांच्या संमतीने होते; म्हणजे नाटकाचा राग रूढीचा बाजार मांडणाऱ्या माणसांवर आहे, रूढीच्या अधिकारावर नाही.'

लांब आहे, मान्य. पण यात कुणीतरी नाही म्हणू शकतं, यातल्या प्रत्येक तुकड्याला नाटकात जागा दाखवता येते, आणि यात 'शारदा'च्या जागी दुसरं कुठलंही नाव घातलं तर वाक्य कोसळतं. मला एवढं पुरेसं होतं. तरी मी अजून एक केलं, तिच्याशी भांडले. खोटं नाही, मला खरंच जे म्हणायचं होतं ते म्हटलं.

माझा आक्षेप असा. १८९९ च्या प्रेक्षकासमोर 'मुलीला हे लग्न नको आहे' हे कारण ठेवलं असतं तर किती जणांना पटलं असतं? त्या काळातले सुधारकसुद्धा शास्त्र हातात घेऊनच बोलत होते. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५५ मध्ये विधवाविवाहासाठी पराशरस्मृतीचा आधार घेतला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं वय १० वरून १२ केलं, त्यावर महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, टिळकांचा सरकारने यात पडण्याला विरोध, तर रामकृष्ण गोपाळ भांडारकर शास्त्रांतले आधार काढून दाखवतायत की हे धर्माच्या विरुद्ध नाही. म्हणजे वाद संमतीच्या वयाचा असला तरी दोन्हीकडे विचारला जाणारा प्रश्न एकच, शास्त्र काय म्हणतं. देवल त्याच हवेत लिहितायत, नाटक त्या कायद्यानंतर आठ वर्षांनी आलं. मग गोत्राचा मुद्दा हा देवलांचा कमीपणा कशावरून? ती शिताफी का नसेल? ज्या शास्त्राच्या नावाने लग्न लावताय त्याच शास्त्राने ते मोडून दाखवतो, असं?

भाची म्हणाली, "मग माझं वाक्य चुकलं का?" नाही, चुकलं नाही, पण आता ते या आक्षेपाला ओळखतं असं दिसलं पाहिजे. तिने मला उलट एक गोष्ट सांगितली जी मला फार आवडली. तिच्या पहिल्या आठ पानांत देवलांचं चरित्र दीड पान होतं, जन्म १८५५, हरिपूर, नाटकं सात, त्यातलं 'शारदा' हे एकच स्वतंत्र, बाकी संस्कृत किंवा इंग्रजी-फ्रेंच नाटकांवरून घेतलेली. हे दीड पान काढून टाक म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, सगळं काढते, पण एकच स्वतंत्र नाटक हे ठेवते, कारण देवलांच्याच 'झुंजारराव'चा शेवट असा का असं विचारलं तर शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'कडे बोट दाखवता येतं, इथे कुणाकडेही दाखवता येत नाही, गोत्राची वाट देवलांनी स्वतः निवडली.

तेच ते. जो तपशील पहिल्या ड्राफ्टमध्ये नुसता माहिती म्हणून पडून होता तो आता विधानाच्या कामाला आला. विधान ठरलं की काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे असं आपोआप दिसायला लागतं. हरिपूरचा संगम गेला, त्याचं तिला वाईट वाटलं आणि मलाही वाटलं, पण तो या निबंधात बसत नव्हता. शारदा कायद्याचा परिच्छेद गेला. 'म्हातारा इतुका न' राहिलं आणि मोठं झालं, कारण त्या पदात मैत्रिणी वयावर सगळं बोलून टाकतात आणि तरी पुढे मांडवात वय हे कारण म्हणून चालत नाही, हा विरोध तिला तिथूनच उभा करता आला. लग्नाची बोलणी कोण कोणाशी करतं त्या फुल्या दुसऱ्या भागात आल्या. गोत्राचा प्रवेश मधोमध. माझा आक्षेप त्यानंतर, तिच्या भाषेत, आणि त्याला तिचं उत्तर: शिताफी असेल, पण त्या शिताफीची किंमत शारदेने मोजली, कारण शास्त्राने लग्न मोडलं तरी तिला कुठे ठेवायचं ते सांगितलं नाही, म्हणून ती जीव द्यायला निघाली, आणि परत उभं राहायला पुन्हा शंकराचार्यच लागले.

हे उत्तर मी दिलेलं नाही. आत्महत्येचा प्रसंग मला इतकी वर्षं नाट्यपूर्ण शेवटासाठी जोडलेला वाटायचा. तिच्या विधानातून बघितलं तर तो सरळ गोत्राच्या प्रवेशाचा परिणाम आहे. एक चांगलं विधान हातात असलं की नाटकातल्या दूरदूरच्या जागा अशा एकमेकींना सापडतात, आणि मला वाटतं विधान खरं आहे की नुसतं चमकदार आहे हे ओळखायची हीच जागा, लिहिता लिहिता त्याने लिहिणाऱ्याला काहीतरी नवं दाखवलं का.

सहाव्या दिवशी ती लिहीत होती, मी फोन केला नाही. रात्री साडेअकराला तिचाच आला. निबंध संपला होता पण शेवटचा परिच्छेद लिहिताना तिला जाणवलं की पहिल्या परिच्छेदातलं विधान आता तिला पूर्ण पटत नाहीये. 'रूढीच्या अधिकारावर नाही' हे फार सपाट वाटतंय, कारण शंकराचार्य शेवटी जी परवानगी देतात तीसुद्धा रूढीला थोडं वाकवूनच. मी म्हटलं मग बदल. ती म्हणाली, आत्ता? सकाळी सबमिशन आहे. मी म्हटलं, सुरुवातीला लिहिलेलं विधान हा अंदाज असतो, निबंध लिहून झाल्यावर तुला नाटक जास्त कळलंय, तर वर जाऊन ते वाक्य आजच्या तुझ्या हाताने लिही, आणि मग प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वाचून बघ की ते या नव्या वाक्याला धरून आहे का.

पाऊण तासाने मेसेज आला:

'संगीत शारदा हे नाटक प्रेक्षकाला शारदेच्या भीतीच्या बाजूने उभं करतं, पण तिच्या सुटकेचा निकाल मात्र शास्त्रावर सोपवतं; त्यामुळे म्हाताऱ्याच्या तावडीतून ती सुटते तरी तिचं काय व्हायचं हे ठरवायचा हक्क शेवटपर्यंत तिच्याकडे येत नाही.'

खाली लिहिलं होतं, "दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं बदलावी लागली. तिसरा बसला आपोआप. झोपते आता."